नेपरव्हिलच्या गाडीतला रुमाल

इथले सगळ्यांचे अनुभव मी गेले कित्येक महिने वाचते आहे. घाटात हात दाखवणारी बाई, रिकाम्या खोलीतली पावलं, वगैरे वगैरे. खरं सांगू? बहुतेक वेळा मला जांभई येते. मी मायक्रोबायॉलॉजीवाली. दिसत नाही ते मायक्रोस्कोपखाली धरायचं, आणि तिथेही दिसलं नाही तर नाही म्हणून मोकळं व्हायचं, असा माझा खाक्या. सासूबाई दृष्ट काढायच्या. मिरच्यांचा ठसका लागला नाही की त्या म्हणायच्या, दृष्ट होती. मी म्हणायचे, मिरच्या जुन्या होत्या.

तेव्हा हे लिहायला मी बसेन असं मलाच वाटलं नव्हतं. पण आता रिटायर झालेय, बाहेर बर्फ पडतोय, आणि आमचे हे म्हणाले, "लिहून टाक एकदा, किती दिवस नुसती घोळवत बसणार." म्हणून लिहिते. यात अमावस्या नाही, पिंपळ नाही. संध्याकाळची गर्दीची ट्रेन आहे, तीही अमेरिकेतली, ट्यूबलाइटच्या लख्ख उजेडातली.

साल ऐंशीच्या दशकातलं, मध्यावरचं. आम्ही नेपरव्हिलला राहायचो. शिकागोच्या पश्चिमेला, ट्रेनने तासाभराच्या आत. तेव्हा तिथे आजच्यासारखी आपली माणसं नव्हती. ग्रोसरीमध्ये एखादी साडी दिसली की आपण तिच्या मागे मागे जायचं, अशी परिस्थिती. सतीश, म्हणजे माझा नवरा, मेकॅनिकल इंजिनियर. त्याच्या कंपनीने त्या उन्हाळ्यात निम्मी माणसं घरी बसवली, त्यात हा. माझी शिकागोतल्या एका हॉस्पिटलच्या लॅबमध्ये नोकरी होती, ती राहिली. आणि मला दिवस होते.

हे तिसऱ्यांदा. आधीची दोन राहिली नव्हती. त्याबद्दल जास्त लिहीत नाही, ज्यांना माहीत आहे त्यांना माहीत आहे. डॉक्टरने बजावलं होतं, फार वेळ उभं राहायचं नाही, शक्यतो घरीच बस. घरी कशी बसणार? आमचा दोघांचा इन्शुरन्स माझ्या नोकरीवर. नोकरी सोडली तर बाळंतपण कुठे करायचं हा प्रश्न. म्हणजे बाळ वाचवायला नोकरी हवी, आणि नोकरीने बाळ जाईल ही भीती. झोपेतसुद्धा मी एवढंच मोजत असायचे.

सकाळी सतीश स्टेशनवर सोडायचा, तेव्हा जागा मिळायची. खरी परीक्षा संध्याकाळी. हॉस्पिटलपासून स्टेशनपर्यंत सिटी बस. तिच्यात सुट्टे पैसे मोजून टाकावे लागत, आणि बर्फात ती कधी यायची ते तिलाच ठाऊक. स्टेशनात धावतपळत पोचेपर्यंत गाडी भरलेली. दोन मजली डबे, वर एकेकट्या खुर्च्या, खाली दोन-दोनच्या. सगळ्यांची तोंडं पेपरामागे. ओल्या लोकरीचा वास, बुटांखाली मिठाचा चिखल. माझा कोट इतका जाड की आत मी आहे का तांदळाचं पोतं, कळायला मार्ग नाही. कोण कशाला उठतंय!

सतीश म्हणायचा, "अगं सरळ सांग ना, आय ॲम प्रेग्नंट, उठा. इथे लोक उठतात."

"तू सांग येऊन," मी म्हणायचे.

मला ते जमत नव्हतं. दोनदा सगळ्यांना सांगून झालं होतं आणि दोनदा सगळ्यांना परत सांगावं लागलं होतं. आता परक्या माणसांपुढेही तो शब्द तोंडातून निघत नव्हता. मी दांड्याला धरून उभी राहायचे. पाय सुजून बुटात मावेनासे झाले होते.

नोव्हेंबरअखेरचं थँक्सगिव्हिंग होऊन गेलं होतं. त्या दिवशी गाडीत चढले तर दाराजवळच्या दोनांच्या सीटवर खिडकीशी एक गलेलठ्ठ गोरा माणूस, आणि त्याच्या शेजारची जागा रिकामी. माझा विश्वास बसेना. पुढे झाले आणि थांबले. सीटवर रुमाल टाकलेला होता.

पांढरा, निळ्या काठाचा, चौघडी घातलेला पुरुषी रुमाल. सीटच्या बरोबर मध्ये, एक टोक पुढे लोंबतंय. आता तुम्ही मला सांगा, एसटी स्टँडवर वाढलेल्या माणसाला याचा अर्थ समजावून सांगावा लागतो का? गाडी स्टँडला लागते न लागते तोच खिडकीतून हात घालून रुमाल टाकायचा. ती जागा मग त्याची. त्यावर दुसऱ्याने बसलं तर मारामाऱ्या होतात. आमच्या घरी हे खातं बाबांकडे होतं. बाबा पाटबंधारे खात्यात, सारख्या बदल्या, सारखा एसटीचा प्रवास. ते पुढे पळायचे, आई आणि आम्ही भावंडं मागून बोचकी घेऊन. आम्ही पोचेपर्यंत जागा धरलेल्या असायच्या, आणि बाबा शेजारी उभे.

तर मी बसले नाही. हसा तुम्ही. सातवा महिना लागत आलेला, पाय तुटतायत, समोर रिकामी सीट, आणि मी रुमालवाल्याची वाट बघत उभी!

रे नावाचा कंडक्टर होता आमच्या गाडीला. मिशीवाला, पोट सुटलेला, स्टेशनांची नावं गाण्यासारखी पुकारायचा. माझा पास बघत म्हणाला, "दॅट सीट्स ओपन, हनी."

"नो," मी म्हटलं, "समबडी इज कमिंग."

त्याने रुमालाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि खांदे उडवून पुढे गेला. कोणी आलं नाही. मी नेपरव्हिलपर्यंत उभी.

घरी सांगितलं तर सतीश हसून हसून खाली बसला. "अगं, अमेरिकेत रुमाल नाक शिंकरायला असतो! कोणीतरी शिंकरून विसरला असेल आणि तू त्याचं रिझर्वेशन पाळतेस!"

दुसऱ्या दिवशी परत रुमाल. जाड्या नव्हता, वेगळीच माणसं होती, डबाही दुसरा होता. शेजारी एक चष्मेवाली बाई होती. तिला विचारलं, हा कोणाचा? ती म्हणाली, "मला वाटलं तुझाच. मी आले तेव्हापासून आहे." माझी कंबर तेव्हा अशी काही ठणकत होती की म्हटलं, खड्ड्यात गेला रुमालवाला. रुमाल उचलला आणि बसले.

उचलला तेव्हा तो गरम होता. बाहेर हाडं गोठवणारी थंडी, दारं सताड उघडी, आणि हा नुकती इस्त्री फिरवल्यासारखा ऊबदार. निळीचा वास येत होता. कोपऱ्यात काळी खूण होती, तीन टिंबं आणि एक आडवी काडी. बिब्ब्याची. आपल्याकडचे धोबी कपडे ओळखू यावेत म्हणून घालतात ती. ही खूण अमेरिकेतली कुठलीही लाँड्री घालत नाही, हे मी लिहून द्यायला तयार आहे.

म्हणजे कोणीतरी आपलाच माणूस याच गाडीने जातो, असं मी धरून चालले. मला जरा बरंही वाटलं. महाराष्ट्र मंडळाच्या संक्रांतीच्या कार्यक्रमात विचारलंही, "तुमच्यापैकी कोण येतं त्या गाडीने?" कोणीच नाही. सगळे आपापल्या कारने जाणारे.

पण रुमाल रोज होता. रोज एक, रोज वेगळा, काठ कधी निळा, कधी तपकिरी, खूण मात्र तीच. मी मुद्दाम डबे बदलले. मागच्या दाराने चढले, पुढच्या दाराने चढले. जिथून चढेन तिथेच, दाराजवळ, खालच्या मजल्यावर. एकदा चिडून सिगारेटवाल्यांच्या डब्यात शिरले. तेव्हा तसा वेगळा डबा असायचा, धुराने भरलेला. तिथे मात्र नव्हता. खोकत खोकत शेजारच्या डब्यात आले, तर दाराजवळ हजर. अमेरिकन माणसं त्याच्यावर बसत नव्हती कारण त्यांना तो शेंबडा रुमाल वाटत असणार. हे स्पष्टीकरण मला पटत होतं. टाकतो कोण, याचं नव्हतं.

आता तुमच्यापैकी अर्ध्यांनी मनात म्हटलं असेल, कळलं, बाबा गेले असणार. तर नाही. बाबा सांगलीत ठणठणीत होते. रिटायर होऊन नव्या फ्लॅटमध्ये राहायला गेले होते, रोज आमराईत फिरायला जायचे, फोनवर "खर्च होतोय, ठेव आता" असं ओरडायचे. मला त्यांची आठवणसुद्धा आली नाही. थकलेल्या माणसाला विचार कुठला सुचतो हो? जागा मिळतेय ना, बस. देवाने दिली का सैतानाने, ते नंतर बघू.

सतीशने एकदा स्वतः पाहिलं. शिकागोत त्याचा इंटरव्ह्यू होता, तो झाल्यावर माझ्याबरोबर परत आला. गाडी खच्चून भरलेली. मी चढले, रुमाल होता. एकच. मी बसले, आणि सतीश नेपरव्हिलपर्यंत उभा.

"नवऱ्याला नाही वाटतं," मी म्हटलं.

तो हसला नाही. रुमाल हातात घेऊन उलटसुलट करत राहिला.  घरी आल्यावर म्हणाला, "कुणाला सांगू नकोस. वेड लागलंय म्हणतील."

जानेवारी संपत आला होता. त्या दिवशी सकाळपासून आभाळ खाली उतरलेलं, रेडिओवर बर्फाच्या वादळाची बातमी. सगळी ऑफिसं लवकर सुटली. स्टेशनात ही गर्दी. मोठ्या हॉलमध्ये लांबलचक लाकडी बाकं आहेत, त्यांच्यामधून वाट काढत मी फलाटाकडे निघाले, आणि बाकावर मला रुमाल दिसला. लोक खेटून बसलेले, मध्ये एका माणसाची जागा आणि तिच्यावर तो, चौघडी घालून.

मला राग आला. वेड्यासारखा राग आला. मला घरी जायचं होतं, बाकावर काय बसू? तशीच पुढे गेले, गाडीत चढले. सीटवर रुमाल नव्हता. पुढच्या डब्यात गेले, त्याच्या पुढच्या. कुठेच नाही. एक जागा नाही, माणसं दारापर्यंत. पाठीत सकाळपासून काहीतरी ओढत होतं, ते आता पोटात यायला लागलं होतं. मी दांडा धरला. नेपरव्हिलपर्यंत उभं राहणं आपल्याच्याने होणार नाही, हे कळलं. आणि मग, का ते विचारू नका, मी खाली उतरले. रडत रडत, त्या रुमालवाल्याला शिव्या देत, परत हॉलमध्ये आले. एवढ्या गर्दीत ती जागा अजून रिकामी होती. रुमाल उचलून बसले. गाडी गेली.

बसल्यावर थोड्याच वेळात पाणी गेलं.

शेजारच्या म्हातारीने आरडाओरडा केला. स्टेशनवाले धावले, पोलीस आला, ॲम्ब्युलन्स आली. हॉस्पिटल तिथून जवळ. रेवती महिना-दीड महिना आधी जन्मली, निळी पडलेली, ओंजळीत मावेल एवढी. तिला श्वास घेता येत नव्हता. मशीन तयार होतं, माणसं तयार होती, म्हणून ती जगली.

मी ज्या गाडीतून उतरले ती गाडी वाटेत बर्फात अडकली. दोन स्टेशनांच्या मध्ये, पुढे नाही मागे नाही, तासन् तास. सतीश नेपरव्हिलच्या स्टेशनवर कारमध्ये बसून तिचीच वाट बघत होता. मी तिच्यात आहे असंच त्याला वाटत होतं. रस्ते मोकळे होऊन तो हॉस्पिटलमध्ये आला तेव्हा नुसता दारात उभा राहिला, आत येईना. डॉक्टरबाई त्याला सांगत होती, "तिथे गाडीत असती तर..." आणि तिने वाक्य तिथेच सोडून दिलं.

मी परत कामावर गेले त्यानंतर रुमाल दिसला नाही. एकदाही नाही. खरं तर मी शोधायचे. जे जमले होते ते धुऊन स्वयंपाकघरातल्या ड्रॉवरमध्ये ठेवले होते.

जूनमध्ये आई-बाबा आले, नातीला बघायला. आल्याच्या दुसऱ्याच दिवशी आई दूध पुसायला फडकं शोधत होती. ड्रॉवर उघडला आणि ओरडली, "अगं बाई! हे इथे कसे?"

"कोणाचे आहेत ते?" मी विचारलं. 

"कोणाचे म्हणजे? ह्यांचे! ही बघ, तीन टिंबं आणि काडी, आपल्या घराची खूण. नव्या फ्लॅटवर आल्यापासून धोबी लावला ना! या थंडीत एकेक करून सगळे रुमाल गेले, नवे आणले तेही गेले. मी त्या धोब्याशी कडाकडा भांडले, त्याला बंद केला. आणि हे बघा, लेकीकडे! अहो, तुम्ही पार्सल केलेत की काय?"

बाबा रेवतीला मांडीवर घेऊन बसले होते. त्यांनी एक रुमाल घेतला, वास घेतला, घडी घालून खिशात ठेवला. "सापडले ना? बरं झालं. गेल्यावर त्या धोब्याला परत लाव. बिचाऱ्याला उगाच बोललीस."

बस. एवढंच. रात्री त्यांना सगळं सांगितलं. आईने दोनदा हात जोडले. बाबा म्हणाले, "मी कशाला येतोय इथे, मला पासपोर्ट मार्चमध्ये मिळाला."

मग आईच म्हणाली, अगदी सहज, "त्या थंडीत ह्यांचे पाय किती दुखायचे पण! पहाटे उठले की म्हणायचे, रात्रभर उभा होतो असं वाटतंय. पोटऱ्या चेपून द्यायला लागायच्या. डॉक्टरला दाखवलं, काही निघालं नाही. जानेवारीनंतर आपोआप थांबलं."

इथली संध्याकाळ म्हणजे सांगलीत पहाट असते. हे मी मनात मोजलं. सतीशनेही मोजलं असणार, कारण तो उठून बाहेर गेला.

मी स्पष्टीकरण खूप शोधलं. आधीच्या भारतवारीत मीच तिकडून रुमाल आणले असतील? पण मी तिकडे गेले होते तेव्हा तो फ्लॅटही नव्हता आणि तो धोबीही नव्हता. कोणी मस्करी केली असेल? कोण, आणि कशासाठी? सतीश इंजिनियर, त्यानेही शोधून पाहिलं. बाबांना तर स्पष्टीकरणाची गरजच वाटली नाही.

एकच राहिलं सांगायचं. त्याच मुक्कामात आम्ही दोघांना शिकागो दाखवायला नेलं. परतायला संध्याकाळ झाली, ऐन गर्दीची वेळ. सतीशकडे रेवतीचा स्ट्रोलर, माझ्याकडे पिशव्या, आई माझा दंड धरून. स्टेशनात शिरलो आणि बाबा दिसेनात. परका देश, इंग्रजी बेताचं, दहा-बारा फलाट आणि चहूकडे धावणारी माणसं. आईने रडायलाच सुरुवात केली. सतीश म्हणाला, "आधी गाडीत बघू, मग पोलिसाला सांगू."

गाडीत चढलो. दाराजवळच्या सीटवर रुमाल टाकलेला होता, पलीकडे आईसाठी उन्हाळ्यातही न सोडलेला त्यांचा कोट. शेजारी बाबा उभे होते, दांडा धरून.

"बस," ते मला म्हणाले.

"बाबा, तुम्हाला ही गाडी कशी सापडली?"

"कशी म्हणजे? नेहमीचीच की."

 मग त्यांनी इकडे तिकडे बघितलं, डब्याकडे, दाराकडे. कपाळाला आठ्या पडल्या. "असं का म्हणालो मी?" त्यांनी मला हळूच विचारलं.

मला काय माहीत! मी रेवतीला मांडीवर घेऊन बसले. वाटेत माणसं उतरत गेली, निम्मा डबा रिकामा झाला. मी दोनदा म्हटलं, बाबा, आता बसा ना, पाय दुखतील. मला रडू आवरत नव्हतं.

"तू बस," बाबा म्हणाले. "मला सवय आहे."

आणि नेपरव्हिलपर्यंत ते उभेच होते.